पाया खोल घेतला

पोरीला घेऊन मी युवा मंडळात गेले त्या दिवशी तिने नवा ड्रेस घातला होता, आणि पोचल्या पोचल्या तिच्या हातात चाळणी देऊन तिला रेती चाळायला बसवलं. मी बाजूच्या बाकावर बसून पाहत होते. ओढणी कमरेला खोचून ती अशी काही चाळायला लागली की मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, हिले शिकवाची गरज कमीच दिसते." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आज तो माणूस समोर आला तर मी त्याच्याशी बोलेन की नाही ते मलाच ठाऊक नाही, पण त्या दिवशी मला तो देवमाणूस वाटला होता.

आमचं गाव एटापल्लीच्या पुढे, जंगलात. बस थांबते तिथून आत चालत यावं लागतं. घरात आम्ही माडियात बोलतो. मी आश्रमशाळेत शिकले, गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे, म्हणून मराठी लिहिते. नवरा धान लावतो, मोहफुलांच्या आणि तेंदूपानांच्या दिवसांत ती वेचतो, आणि थंडी सरत आली की मिरची तोडायला तेलंगणात जातो. पोरगी बारावीत नापास झाली आणि पुन्हा परीक्षेला बसायला तयार होईना. तिच्या वयाच्या पोरी बापाबरोबर मिरचीला जातात, हातांची आग होत परत येतात, पुढच्या वर्षी पुन्हा जातात. मला ते नको होतं. पण खरं कारण त्याहून वेगळं होतं आणि ते मी कोणाला सांगत नव्हते. मला पोरीला कुरमा घरातून बाहेर काढायचं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे बाईची पाळी आली की ती घरात राहत नाही. गावाच्या कडेला एक झोपडी असते, ते कुरमा घर. ते दिवस तिथेच राहायचं, तिथेच झोपायचं. घरची एखादी बाई जेवण आणून लांब ठेवते, ती मागे सरकली की उचलायचं. विहिरीवर जायचं नाही, पुरुषाच्या वाटेत यायचं नाही. पुरुषांनी तर त्या झोपडीला शिवायचंसुद्धा नाही. कोणी रीत मोडली तर गाव दंड करतं, आणि पुढे कोणाचा बैल मेला, कोणाचं पीक गेलं की त्या बाईचं नाव निघतं. शहरातल्या लोकांना हे सांगितलं की ते माझ्याकडे दयेने पाहतात. मला त्यांची दया नको. आमच्यात पोरगी आपल्या मनाने नवरा करते, हुंडा कोणी मागत नाही, ते विचारायला कोणी येत नाही. पण वाईट ते वाईटच, आणि ते मी भोगलेलं आहे.

कुडाच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, दार नाही. पावसाळ्यात कवेलूतून धार लागायची आणि आम्ही बाया गुडघे पोटाशी घेऊन एका कोरड्या कोपऱ्यात बसायचो. कुत्री आत यायची. मी अंगणवाडीत पोरांना स्वच्छ हात धुवायला शिकवायची आणि दर महिन्याला स्वतः त्या चिखलात बसायची. मी तिथे असले की अंगणवाडीची चूल पेटत नाही, खिचडीसाठी आलेली पोरं रिकामी ताटली घेऊन घरी जातात. एकदा माझ्या मोठ्या जावेला तिथे विंचू चावला. गावचे पुरुष लांब उभे राहून, तिला उचलायचं कोणी, यावर बोलत राहिले. चांगली रंगली होती चर्चा. शेवटी आम्हीच बायांनी तिला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, आणि परत आल्यावर गावात शिरण्याआधी आम्हाला नाल्यावर आंघोळ करायला लावली. जाऊ वाचली. ती वाचली म्हणून गावाला वाटलं, सगळं ठीकच आहे.

आता जे लिहिते ते मी पोरीशिवाय आजवर कोणाशी बोललेले नाही. त्या झोपडीची डागडुजी बायांनीच करायची असते, कारण पुरुष हात लावत नाहीत. पाऊस संपला की भिंती लिंपायच्या, फुटकी कवेलू बदलायची. एका वर्षी आम्ही ते केलं नाही. कोणी काही ठरवलं नव्हतं. एक म्हणाली, पुढच्या आठवड्यात करू. दुसरी म्हणाली, यंदा माती चांगली नाही मिळाली. गावात देवाचं आणि रीतीचं पाहतो तो गायता. त्याची बायको म्हणाली, माझी कंबर धरली आहे. तिची कंबर ठणठणीत होती, मी तिला आदल्या दिवशी डोक्यावर लाकडाचा भारा नेताना पाहिलं होतं. त्यापुढच्या वर्षी कोणी विषयच काढला नाही. मागची भिंत फुगली. कुडाला वाळवी लागली. आम्ही भिंतीकडे पाहायचो आणि एकमेकींकडे पाहायचं टाळायचो.

कारण पलीकडच्या एका गावात असंच झालं होतं. झोपडी पडली, नवी कोणी बांधली नाही, आणि तिथल्या बाया आता आपापल्या ओसरीच्या कोपऱ्यात बसतात. ओसरी म्हणजे घरच की. हाक मारली तर माणूस येतं. ओसरीपर्यंत आलेली बाई पुढे उंबरा ओलांडणार नाही हे कोण सांगणार? आमच्यात कोणी मोर्चा काढला नाही, भाषण दिलं नाही. आम्ही फक्त माती लावली नाही. भिजत बसायचो, कुडकुडायचो, आणि तरी माती लावत नव्हतो. अजून एक-दोन पावसाळे, एवढंच मी मनाशी धरून होते.

पण एक-दोन पावसाळेही पोरीने तिथे कशाला काढायचे, असं मला वाटे. तिच्या हाताला काही काम आलं, ती बाहेर कुठे खोली करून राहिली, तर तिच्या पाळीची विचारपूस करायला गाव तिथे येणार नाही. म्हणून अध्यक्ष आमच्या अंगणवाडीत येऊन सांगून गेले की मंडळ मुलींना गवंडीकाम शिकवणार आहे, तेव्हा मी कान टवकारले. शिवणकाम तिला आवडत नाही. लहानपणापासून चिखलात हात. चूल घालायची तर तीच घालणार. नवरा हसला. "पोरगी थापी धरंल का?" म्हणाला. मी म्हटलं, तू मिरची तोडतोस तसे हातच आहेत ना तिचेही.

मंडळात अध्यक्षांनी मला एक-दोन गोष्टी विचारल्या. गावात कुरमा घर आहे का, पोरगी तिथे जाते का. मी हो म्हटलं. असं विचारणारे खूप येतात, काहीतरी लिहून नेतात, मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्याबरोबरच तालुक्याच्या गावातली एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली होती. पोरगी हुशार, चुणचुणीत. त्यांच्यात ही रीत नाही. तिला त्यांनी गोड बोलून परत पाठवलं. मला वाटलं, काय चांगली माणसं आहेत, जंगलातल्या पोरींना आधी जागा देतात. परत येताना मी पोरीला म्हटलंसुद्धा, आपल्याला कोणीतरी आधी विचारलं बघ.

पोरगी मंडळाच्याच खोलीवर राहायला लागली आणि आठवड्याच्या बाजाराला घरी यायची. एक म्हातारा मिस्त्री शिकवायला होता. भिंत रचायची, संध्याकाळी पाडायची, विटा धुऊन ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा रचायची. ती घरी आली की ओळंबा खिशातून काढायची. दोरीला बांधलेलं ते लोखंडी वजन आमच्या घराच्या भिंतीजवळ सोडायची आणि हसत सुटायची. "आई, आपलं घर पिऊन उभं हाये." बाप रागावला, म्हणाला माझ्या बापाने बांधलं आहे. ती म्हणाली, आजाही पिऊनच बांधत असंल. इतकं हसलो आम्ही त्या दिवशी. माझ्या चुलीचा ओटा तिने विटांचा करून दिला, सरळ, कोपरे असे की हात फिरवत बसावं.

एकदा ओट्यापाशी बसून ती मला हळूच म्हणाली, "आई, तिथी कोणी इचारत नाई." काय विचारत नाही, ते मला लगेच कळलं. तिची पाळी येऊन गेली होती आणि त्या दिवसांत ती विटा रचत होती. पाणी भरत होती, सगळ्यांबरोबर जेवत होती. आभाळ कोसळलं नाही, मिस्त्रीचा बैल मेला नाही. मी तिच्या ताटात भात वाढला आणि पुन्हा वाढला. मला रडू येत होतं ते तिला दिसू नये म्हणून.

वर अध्यक्ष सांगत होते की शिकून झालं की ब्रह्मपुरीला काम लावून देऊ, तिकडे बांधकामं चालू आहेत, पोरींच्या राहायची सोय होईल. मी ब्रह्मपुरी एकदाच पाहिलेली, जीपच्या खिडकीतून. तरी मी तिथे पोरीची खोली करून टाकली मनात. आतून कडी असलेली खोली. एवढंच सामान होतं तिच्यात, कडी.

नवरा मिरचीला गेला होता त्या दिवसांत एक ट्रॅक्टर गावात आला आणि विटा, रेती, सिमेंट उतरवून गेला. कोणाचं तरी घरकुल मंजूर झालं असेल म्हणून मी पाहायला गेले. विटा गावात उतरल्या नव्हत्या. गावाच्या कडेला उतरल्या होत्या, झोपडीच्या वाटेवर. तिथे गायता उभा होता, अध्यक्ष उभे होते, नागपूरहून मंडळाच्या कामाला येणाऱ्या एक मॅडम होत्या, आणि गायत्याच्या बायकोसकट चार बाया पदर तोंडाला लावून. मी अध्यक्षांना विचारलं, हे कशाचं बांधकाम.

"तुमच्यासाठीच होऊन राह्यलं, बाई," ते म्हणाले. "नवं कुरमा घर. पक्कं. विटांच्या भिंती, टिनाचे पत्रे, आत संडास, सोलरचा दिवा."

कोण बांधणार, हे मी विचारलं तेव्हा उत्तर मला आधीच कळलं होतं.

"पोरीच. दुसरं कोण? किती गावं फिरलो, एक गवंडी त्याले हात लावाले तयार नाई. बाहेरचा आणावं तं गायते म्हणतात, पुरुषाचा हात नको. म्हणून तं पोरींची तुकडी काढली ना आपण. ज्या पोरी तिथी बसतात, त्याच बांधतीन. कोणाचं काई म्हणणंच राह्यलं नाई." हे ते मला कौतुकाने सांगत होते. युक्ती त्यांना स्वतःलाच फार आवडलेली दिसत होती.

तेव्हा सगळं लागोपाठ ध्यानात आलं. ते प्रश्न. ती परत पाठवलेली पोरगी. पोरी कशातच कमी नाहीत, जमाना बदलला, ही त्यांची बोलणी. त्यांना पोरी गवंडी व्हायला नको होत्या, त्यांना त्या झोपडीसाठी गवंडी हवे होते आणि ते पुरुष चालत नव्हते. एवढी साधी गोष्ट. माझं डोकं तापलं.

"तुमच्या घरच्या बाया कुठी बसतात, भाऊ?" मी विचारलं.

"आमच्यात तसं नाई, बाई," ते जरा खाली आवाजात म्हणाले. "तुमची रीत हाये. आपण कोणाच्या रीतीले धक्का लावत नाई."

मॅडम पुढे आल्या. चांगल्या होत्या हो त्या, त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. "ताई, रूढी एका दिवसात जात नाही," त्या म्हणाल्या. "तोवर तुम्ही पावसात भिजत राहायचं का? निदान सन्मानाने बसता येईल."

सन्मानाने बसता येईल. मी गायत्याच्या बायकोकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. तिलाही कळत होतं आणि मलाही, पण गायत्यासमोर काय बोलणार? की आम्ही हे मुद्दाम पडू देतोय? तेवढं तोंडातून गेलं असतं तर माझ्या एकटीवर भागलं नसतं, सगळ्या बायांना गावासमोर उभं केलं असतं, आणि दंडाची कोंबडी-दारू झाल्यावर झोपडी कुडाचीच पण ताबडतोब उभी केली असती. मी फक्त म्हटलं, नका बांधू. सगळ्यांनी एकदम विचारलं, काऊन? मला काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, जागा ओली आहे, पाणी मुरतं तिथे, भिंत टिकणार नाही.

अध्यक्ष हसले. "त्याची चिंता नको, बाई. पाया खोल घेऊ."

पोरगी त्याच संध्याकाळी आली, थापी आणि ओळंबा घेऊन. मी तिला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, हो. तुला सांगितलं असतं तर तू मला काढून घेतलं असतंस. मग मी तिला सगळं सांगितलं, लिंपणाचं, वाळवीचं, गायत्याच्या बायकोच्या कंबरेचं. पहिल्यांदाच मी ते मोठ्याने बोलत होते. तिने ऐकून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "पाया उथळ घे. सिमेंट कमी घाल. कोणाला कळणार आहे?"

"मले तसं येत नाई," ती म्हणाली.

मी म्हटलं, त्यात येण्यासारखं काय आहे.

"आई, मले कायले घातलं मंग तिथी? तूच नेलं ना हात धरून. पहिलंच काम हाये माझं. वाकडं बांधलं तं कोण देईल दुसरं?" ती रडत नव्हती, रागात होती. मला तिचा राग आला आणि लगेच वाटलं, खरं बोलते आहे. तिला ब्रह्मपुरी दिसत होती. ती मीच दाखवली होती.

आधी जुनी झोपडी काढायची होती. पाच पोरी होत्या. त्यांनी मागच्या भिंतीला खांदा लावला आणि एका धक्क्यात भिंत आडवी झाली, कवेलू खळाखळा खाली आली. मी अजून पावसाळे मोजत बसले होते. एकसुद्धा लागला नसता. आम्ही बाया तिथे उभ्या होतो. मोठी जाऊ खाली बसली आणि पायातला काटा काढायला लागली. तिच्या पायात काटा नव्हता.

मग महिनाभर काम चाललं. मिस्त्री जवळ येत नव्हता. तो लांब मोहाच्या झाडाखाली उभा राहून ओरडायचा, दोरी पाहा, कोपरा काटकोनात आहे का ते बघायला गुण्या लावा, उजवीकडे उचला, आणि पोरी तिकडून हो म्हणायच्या. गावचे पुरुष येता-जाता थांबायचे, पण पाठ अर्धी वळवून. माझी पोरगी पायाच्या खड्ड्यात उतरली होती. जागा ओली निघाली नाही, कोरडी ठणठणीत निघाली, तरी अध्यक्षांनी सांगितलं म्हणून तिने अजून खणलं. मी पाणी घेऊन जायची. ती वर पाहून हसायची, कपाळावर सिमेंट, आणि तिचं ते तोंड पाहिलं की मला काय वाटायचं ते मला सांगता येत नाही. इतकी खूश मी तिला त्याआधी कधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही.

उद्घाटनाला गाड्या आल्या. पाहुणे पुरुष, त्यांनी त्या इमारतीजवळ कसं जायचं? म्हणून फीत इमारतीला न बांधता बऱ्याच अलीकडे दोन बांबू रोवून त्यांना बांधली. पाहुण्यांनी तिथे ती कापली, टाळ्या झाल्या. मॅडम तेवढ्या आत जाऊन फोटो काढून आल्या. पाचही पोरींना शाल दिली. एका पाहुण्याने मला विचारलं, आईला कसं वाटतंय. मी म्हटलं, बरं वाटतंय. गायता सगळ्यात खूश होता. "आता बायांची काई तक्रार राह्यली नाई," तो म्हणाला, आणि तो काही चुकीचं बोलला नव्हता. भिंत गळत होती तोवर आमच्याकडे निदान तक्रार होती. पलीकडच्या गावातले लोकही आले होते, ज्यांच्या बाया ओसरीत बसतात ते. त्यांचा गायता भिंतीभोवती लांबून चक्कर मारून गेला आणि अध्यक्षांशी बराच वेळ बोलत उभा राहिला.

ब्रह्मपुरीचं काम झालं नाही. तिकडचा ठेकेदार म्हणे पोरी घेत नाही. मी अध्यक्षांना फोन केला तर ते म्हणाले, काळजी नको बाई, पोरीले काम कमी नाई. खरंच कमी नव्हतं. आणखी गावांतून मागणी आली होती. सगळ्यांना तेच हवं होतं, पक्कं, टिनाचं, सोलरवालं. पलीकडच्या गावालाही. माझी पोरगी तिथेही गेली आणि त्या बायांना ओसरीतून उचलून परत गावाच्या कडेला बसवून आली. बाकीच्या चौघींतल्या दोघी वैतागून मिरचीला निघून गेल्या.

गेल्या थंडीत आमच्याच गावात एकाला घरकुल मिळालं. मी स्वतः त्याच्या दारात गेले. म्हटलं, गावची पोरगी आहे, तिचं काम तुम्ही पाहिलं आहे, भिंत कशी सरळ आहे. तो माणूस भला आहे, नात्यातला आहे. त्याने मला बसायला दिलं, पाणी दिलं. "काम तं चांगलंच हाये, बाई," तो म्हणाला. "पण तिनं ते बांधलं ना. त्या हाताचं घर कसं बांधाचं? घरात देव ठेवा लागते." त्याने तेलंगणातून गवंडी आणला. त्या गवंड्याची भिंत वाकडी आहे. पोरगी तिथून जाताना ओळंबा काढत नाही आता, नुसती बघते आणि पुढे जाते.

या पावसाळ्यात आम्हा दोघींचे दिवस एकदा बरोबर आले. मोठी जाऊ जेवण लांब ठेवून गेली. आम्ही दार लावून घेतलं. कडी आहे त्याला, आतून. पोरीनेच बसवलेली. बाहेर मोठा पाऊस लागला होता, पत्र्यांवर इतका आवाज की बोलायचं तर जवळ सरकावं लागत होतं. मी सवयीने कोरडा कोपरा शोधायला गेले आणि लक्षात आलं, सगळेच कोरडे आहेत. तरी मी भिंतीवरून हात फिरवला. कुठे ओल, कुठे चीर, काहीतरी. एका जागी बोटाला बारीक रेघ लागली आणि माझ्या जिवात जीव आला. पोरगी पाहत होती. "चीर नाई ते, आई," ती म्हणाली. "तिथी थापी जरा घसरली होती माझी. वरचं प्लास्टर हाये नुसतं."

आम्ही जेवलो. भांडी बाहेरच्या पाण्यात धरून धुतली. मग मी तिला विचारलं, काही मनात न ठेवता विचारलं, गवंड्याला विचारावं तसं. "किती वर्षं टिकंल हे?"

ती भिंतीवर हात ठेवून ताबडतोब म्हणाली, "पत्रे बदलावे लागतीन. भिंती नाई. माझ्या पोरीच्या पोरीलेही पुरंल."

मग आपण काय बोललो ते तिला कळलं असावं. तिने हात मागे घेतला आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली, जुन्या झोपडीत आम्ही बसायचो तशी. बाहेर पाऊस चालूच होता. आत एक थेंब येत नव्हता.